ती म्हणते, उजवीकडे वळा!

शुक्रवार पेठेतल्या घराचा पत्ता सांगायची आमची एक ठरलेली पद्धत आहे. ‘मधल्या मारुतीपर्यंत या, पुढं कुणालाही आडनाव विचारा, दारापर्यंत आणून सोडतील.’ वर्षानुवर्षं याच पत्त्यावर पाहुणे आले, सुनांची रुखवतं आली, गावाकडून ज्वारीची पोती आली. कुणी हरवलं नाही. आता मात्र पाहुणे पत्ता विचारतच नाहीत. ‘लोकेशन पाठव’ म्हणतात! आणि मग सुरू होतो त्या बाईचा कारभार. कोण बाई? अहो, तीच! गाडीत दिसत नाही, पण सारखी बोलत असते. ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा...’

गंमत म्हणजे घरात बायकोचं एक वाक्य पुरतं ऐकून न घेणारे पुरुष या बाईचं मात्र निमूट ऐकतात. ‘अहो, तिकडून नको, तो रस्ता खणून ठेवलाय,’ असं आपण शेजारच्या सीटवरून सांगावं, तर उत्तर ठरलेलं. ‘तुला काय माहीत? तिला सॅटेलाइटवरून दिसतं!’

खरंच दिसतं का हो तिला? चला, जरा बघू या.

आधी नावाचाच घोळ घ्या. आपल्या सोलापुरात वारांच्या नावाच्या पेठा आहेत, तशा त्या पुण्यात आहेत, साताऱ्यातही आहेत. शुक्रवार पेठ तिन्हीकडे! पुण्याहून निघणाऱ्यानं गाडीत नुसतं ‘शुक्रवार पेठ’ टाकलं की ही बाई खुशाल सांगते, ‘पंधरा मिनिटांत पोहोचाल.’ सोलापूरचे अडीचशे किलोमीटर राहिले बाजूलाच!

माझ्या नणंदेची कथा त्याहून पुढची. एका संक्रांतीला ती गड्ड्याच्या यात्रेसाठी सहकुटुंब नव्या गाडीतून आली. सिद्धेश्वरांच्या यात्रेत मानाचे सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा होते. त्या दिवसांत कुठला रस्ता कधी बंद, हे पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गाडीतल्या बाईला एवढंच कळलं, की मोठ्या रस्त्यावर गर्दी आहे. तिनं गाडी घातली बोळात! तो बोळ असा, की समोरून रिक्षा आली तर दोघांपैकी एकानं मागं जायचं. दोन्ही आरसे मिटले, शेजारणींनी दारापुढच्या दुचाक्या हलवल्या, पोरांनी ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत गाडी उलटी काढली. पाऊण तास गेला. नणंद घामाघूम होऊन म्हणाली, ‘वहिनी, ती म्हणाली होती चार मिनिटं वाचतील!’

हसून सोडून द्यावं अशीच ही गोष्ट. पण ती बाई रस्ता ठरवते तरी कशी, हे माझ्या डोक्यातून जाईना. मग पुतण्याला, तो कॉम्प्युटरचा इंजिनियर, समोर बसवून विचारून घेतलं.

सॅटेलाइट फक्त आपण कुठं आहोत ते सांगतं. रस्ता कुठला घ्यायचा, तो हिशेब वेगळाच. त्या हिशेबाचं मूळ १९५६ सालातलं. एडस्गर डायक्स्ट्रा नावाचे डच शास्त्रज्ञ तेव्हा तरुण होते. होणाऱ्या पत्नीबरोबर अॅमस्टरडॅममध्ये खरेदीला गेले, दमल्यावर दोघं कॉफी प्यायला बसले, आणि तिथं कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत त्यांनी सर्वांत जवळची वाट शोधायची रीत मनातल्या मनात जुळवली. (खरेदीत नवऱ्यांचं लक्ष नसतं ते असं!) प्रत्येक चौक म्हणजे एक ठिपका, दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एक रेघ, आणि प्रत्येक रेघेला एक आकडा. ज्या वाटेच्या आकड्यांची बेरीज सगळ्यांत कमी, ती वाट घ्यायची. आपल्या ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच की! आजच्या नकाशांचा पायाही याच रितीचा आहे, पुढं त्यात पुष्कळ भर पडली इतकंच.

आता तो आकडा कशाचा? बहुतेक वेळा मिनिटांचा. रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या खिशातले फोन किती वेगानं सरकतायत, त्यावरून ही मिनिटं काढतात. पुणे महामार्गावर हजारो फोन धावतात, तिथला अंदाज बरोबर येतो. पण शिवारातल्या रस्त्यावरून दिवसाकाठी दहा फोन गेले, तर अंदाज कशावरून काढायचा? आणि त्या हिशेबात खड्डे नसतात, अंधार नसतो, उसाच्या ट्रॉल्या नसतात. गाडीत कोण बसलंय, हे तर नसतंच नसतं.

याचा अनुभव आम्ही एका दिवाळीनंतर घेतला. पंढरपूरहून परत येत होतो. गाडी भाचा चालवत होता, मागं सासूबाई आणि मी. मोहोळच्या अलीकडंच त्या बाईनं उजवीकडे वळायला सांगितलं. आठ मिनिटं वाचणार होती म्हणे! थोड्या वेळानं डांबर संपलं. दोन्ही बाजूंना उंच ऊस, समोर मिट्ट काळोख, फोनची रेंज गेलेली. सासूबाईंनी विठ्ठलाचं नाव घ्यायला सुरुवात केली. एका वस्तीवर दिवा दिसला, तिथं मी गाडी थांबवायला लावली. एक बाई बॅटरी घेऊन बाहेर आली. म्हणाली, ‘अवं ताई, फुडं वढ्याला पानी हाय. रातच्याला जाऊ नगा, माघारी फिरा.’ आम्ही माघारी फिरलो. वाचणारी आठ मिनिटं गेली, वर तास गेला, पण घरी धड पोहोचलो.

सगळ्यांनाच अशी वस्ती भेटत नाही. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याचे तिघं कळसूबाईला निघाले होते. अकोले तालुक्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, रात्रीच्या वेळी नकाशानं दाखवलेल्या रस्त्यानं त्यांची गाडी गेली ती थेट पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात. रस्त्यावरचा पूल पाण्याखाली होता. दोघं पोहून बाहेर आले, चालवणारा बुडाला. पूल पाण्यात असतो, हे परिसरातल्या लोकांना माहीत होतं. नकाशाला माहीत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगा नदीच्या अर्धवट पुलावरून गाडी खाली कोसळली, तिघं गेले. त्या पुलाचा पुढचा भाग आधीच्या पुरात वाहून गेला होता. तिथं रस्ता नीट अडवलेलाही नव्हता. म्हणजे सगळा दोष एकट्या नकाशाचा नाही. रस्ता बंद असल्याचा फलक लावणं हे माणसांचंच काम आहे, आणि ते न करणाऱ्यांना आपण जाब विचारलाच पाहिजे.

आपल्या जिल्ह्याला तर हे विसरून चालणारच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला, तेव्हा लांबोटीपाशी सोलापूर-पुणे महामार्गसुद्धा बंद ठेवावा लागला. मोठ्या रस्त्याची बातमी लगेच सगळीकडं होते. पण गावोगावचे छोटे पूल, ओढ्यावरच्या फरशा? त्यांची बातमी फक्त त्या गावाला असते.

मग काय, ती बाई गाडीतून हाकलून द्यायची? मुळीच नाही! माझ्या शेजारची सून परवा दोन लेकरं घेऊन एकटीनं गाडी चालवत लातूरला माहेरी गेली, ती याच बाईच्या भरवशावर. पूर्वी रस्ता विचारायचा म्हणजे पानटपरीवरच्या घोळक्यासमोर काच खाली करायची. ते टळलं, हे बायकांसाठी थोडं नाही. शिवाय या यंत्राच्या मुळाशी एका बाईचीही मेहनत आहे. ग्लॅडिस वेस्ट या अमेरिकेतल्या शेतकरी कुटुंबातल्या कृष्णवर्णीय लेकीनं गणितात नाव काढलं. पृथ्वीचा नेमका आकार कॉम्प्युटरवर मांडण्याचं किचकट काम तिनं केलं, त्याचा उपयोग जीपीएसला झाला. त्यासाठी २०१८ मध्ये तिचा सन्मानही झाला. आणि गंमत बघा, प्रवासाला निघताना आपल्याला कागदी नकाशाच बरा वाटतो, असं तीच सांगायची!

तेव्हा मैत्रिणींनो, ऐकायचं, पण पारखून. निघायच्या आधी फोनवर पूर्ण रस्ता एकदा बोटानं पुढं सरकवून बघा, मधली गावं ओळखीची आहेत का. नकाशात चारचाकीची खूण आहे की दुचाकीची, तेही बघा. आपल्याकडं २०१७ पासून दुचाकीचे रस्ते वेगळे दाखवतात, चुकून तीच खूण राहिली तर मोटार बोळात गेलीच म्हणून समजा. ‘टोल टाळा’ हा पर्याय चालू असेल, तर गाडी शंभर रुपयांसाठी गावागावांतून फिरेल. गुगलनं २०२४ मध्ये अरुंद रस्ते टाळण्याची सोय आणली, पण ती सुरुवातीला आठ शहरांत, त्यांत इंदूर-भोपाळ होतं, सोलापूर नव्हतं. त्यामुळं पाहुणे यायचे असतील तर लोकेशनबरोबर एक फोनही करा. ‘गाडी मोठ्या रस्त्यावरच लाव, आम्ही घ्यायला येतो’ एवढं सांगितलं की झालं. यात्रेच्या दिवसांत, कोजागिरीला तुळजापूरच्या वाटेवर भाविक चालत निघतात तेव्हा, आणि पावसाळ्यात तर हा फोन हवाच. अंधार पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या लोभानं मोठा रस्ता सोडायचा नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि शेजारच्या सीटवर बसलेल्या असाल, तर गप्प बसू नका. मिनिटं मोजायचं काम त्या बाईला करू द्या. पण मागच्या सीटवर म्हाताऱ्या सासूबाई आहेत, लेकरू पेंगलंय, पुढं ओढा आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. ते आपल्याला दिसतं. म्हणून ती ‘उजवीकडे वळा’ म्हणाली, तरी ‘जरा थांबा, कुणाला तरी विचारू या’ असं ठणकावून सांगायचा हक्क आपला आहे. तो सोडू नका!