रोटाव्हेटरच्या जोडदांड्याचे कोन

ऊस तुटून कारखान्यास गेला आणि खोडवा मोडावयाची वेळ आली, की हातकणंगले, शिरोळ, करवीर ह्या भागांतील काळ्या रानांत रोटाव्हेटर फिरू लागतात. त्याच दिवसांत तुटलेला क्रॉस हाती घेऊन उद्यमनगराची वाट धरणेही पुष्कळांच्या नशिबी येते. दोष बहुधा मालास दिला जातो. माझ्या यंत्राचे एका हंगामात तीन क्रॉस गेले, तेव्हा मीही दुकानदाराशी हुज्जत घातली. खोट माझ्याच जोडणीत होती, हे मागाहून कळले.

ट्रॅक्टरच्या पाठीमागील पी.टी.ओ. दांडा मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास ९ फेरे घेतो. ही गती रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सपर्यंत नेणाऱ्या जोडदांड्याच्या दोन्ही टोकांस एकेक क्रॉस असतो. क्रॉसचा स्वभाव असा, की तो कोनात फिरू लागला म्हणजे पलीकडील गती एकसारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते व दोनदा घटते. कोन १५ अंशांचा असता ५४० ची गती सुमारे ५२२ ते ५५९ यांच्यामध्ये हेलकावते. ३० अंशांवर तीच ४६८ ते ६२४ होते. असे हिसके बेअरिंगे व दाते किती दिवस सोसणार?

पहिल्या क्रॉसने केलेला हा बिघाड दुसरा क्रॉस निस्तरू शकतो, परंतु दोन अटींवर. दोन्ही टोकांचे कोन समान असावेत. आणि जोडदांड्याच्या दोन्ही टोकांची दुबेळकी एकाच पातळीत यावीत. नळी चौकोनी असल्यास ग्रीस भरून पुन्हा बसविताना गडी ती पाव फेरा चुकवून बसवितो, आणि हिसके मिटण्याऐवजी वाढतात. खडूची खूण करून ठेवावी.

जोडदांडा तिरपा दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ट्रॅक्टरचा दांडा व गिअरबॉक्सचा दांडा परस्परांस समांतर आहेत किंवा नाहीत, एवढेच पाहावयाचे. त्यासाठी पाती कामाच्या खोलीपर्यंत रानात उतरवून ट्रॅक्टर बंद करावा आणि दोन्ही दांड्यांवर पाणसळ ठेवून कल ताडावा. हल्लीच्या मोबाइलमध्येही कोन दाखविण्याची सोय असते. फरक आढळल्यास टॉप लिंक फिरवावी: ती आखूड केली म्हणजे रोटाव्हेटरचे तोंड खाली झुकते, लांब केली म्हणजे वर उठते. कोन समान झाले तरी मधला दांडा हेलकावतोच. म्हणून काम चालू असता ते १५ अंशांच्या आत राहतील तर उत्तम.

बांधाशी वळताना यंत्र उंच उचलले, की कोन एकदम वाढतो. पाती मातीबाहेर निघतील इतकेच उचलावे. अधिक उचलावयाचे असल्यास आधी पी.टी.ओ. बंद करावा.

लांबीकडेही लक्ष हवे. यंत्र वरखाली करताना दोन नळ्या सर्वांत जवळ येतील, तेव्हाही आत दोन-तीन बोटे जागा उरावी. नाहीतर दांडा ट्रॅक्टरच्या बेअरिंगावर रेटतो. सर्वांत लांब जातील, तेव्हा निदान एक-तृतीयांश लांबी एकमेकींत राहावी. कापणे झाल्यास दोन्ही नळ्या सारख्याच कापाव्यात.

दांड्यावरील प्लास्टिकचे आवरण अडचण म्हणून काढून टाकण्याची खोड पुष्कळांस आहे. सेकंदास नऊ फेरे घेणाऱ्या दांड्यात धोतराचा सोगा किंवा पदर सापडला, तर ओरडण्यासही अवधी मिळत नाही. आवरण फाटले असल्यास नवे घालावे, आणि मापे घेताना ट्रॅक्टरची किल्ली आपल्या खिशात ठेवावी.