भीती सोडा, भाषा येईल

बदलीचा हुकूम येतो, सामानाची बांधाबांध होते आणि पुण्या-नागपूरचे एखादे कुटुंब चेन्नईला जाऊन पोहोचते. पतीचे ऑफिसात इंग्रजीवर निभावते. मुले खेळता खेळता शेजारच्यांची भाषा उचलू लागतात. अडते ते गृहिणीचे. भाजीवाल्याला साधा टोमॅटोचा भाव विचारायचा, तरी तोंड उघडत नाही. चुकले तर लोक हसतील, या धास्तीने ती गप्प राहते आणि भरल्या शहरात एकटी पडते. वर स्वतःलाच दोष देते, ‘‘माझ्या डोक्यात भाषा शिरतच नाही.’’

पण दोष खरोखर डोक्याचा असतो का? रॉबर्ट गार्डनर आणि वॉलेस लॅम्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात फ्रेंच शिकणाऱ्या इंग्रजी भाषिक विद्यार्थ्यांची पाहणी केली. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की यश केवळ उपजत कौशल्यावर ठरत नाही, शिकण्याच्या ओढीचाही त्यात मोठा वाटा असतो. त्यातही फ्रेंच लोकांत मिसळण्याची इच्छा असणारे विद्यार्थी अधिक पुढे गेले होते.

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. साताऱ्यात जन्मलेल्या काका कालेलकरांची मातृभाषा मराठी. गांधीजींच्या आश्रमात राहून त्यांनी गुजराती इतकी आपलीशी केली, की गांधीजी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणत. १९६५ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तोही गुजराती पुस्तकासाठी!

ओढीला मारक ठरते ती भीती. अमेरिकी भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांच्या मते मन धास्तावलेले असले, की जणू मध्ये पडदा येतो. शब्द कानावर पडतात, पण आत रुजत नाहीत.

हा पडदा दूर करणे आपल्याच हाती आहे. सुरुवातीला बोलण्याची घाई नको, नुसते ऐका. मग रोजच्या गरजेची चार-पाच वाक्ये निवडा. एखादी प्रेमळ शेजारीण गाठा, तिला पोहे शिकवा, तिच्याकडून सांबार शिका. चूक झालीच, तर तिच्याबरोबर तुम्हीही हसा.

घरच्यांनीही एक पथ्य पाळावे. आईच्या उच्चारांची नक्कल करून तिला चिडवू नये. घरात झालेली थट्टा बाहेर तिचे तोंड बंद करते.

उद्या बाजारात जाल, तेव्हा टोमॅटोकडे बोट दाखवून एवढेच विचारा, ‘‘एव्वळवु?’’ म्हणजे ‘केवढ्याला?’ उच्चार थोडा चुकला, तरी भाजीवाला भाव नक्की सांगेल. कदाचित खूश होऊन वर मूठभर कढीपत्ताही देईल.