न आलेल्या रुग्णांची मोजणी

एखाद्या जिल्ह्यात दरवर्षी मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया व्हायला हव्यात? बहुतेक जण म्हणतील, रुग्णालयाची नोंदवही उघडा आणि गेल्या वर्षी किती रुग्ण आले ते मोजा. पण वहीत नाव लागते ते रुग्णालयाची पायरी चढलेल्यांचे. ‘आता वयच झालं, दिसणार कसं?’ असे म्हणून ओसरीवर बसून राहणाऱ्या आजीचे नाव तीत नसते. कोणाला सोबत न्यायला माणूस नसतो. कोणी मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहत असतो. वास्तविक आजच्या शस्त्रक्रियेला तो पिकावा लागत नाही.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होणे. वाढत्या वयाबरोबर ही शक्यता वाढते. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवले की बहुतेकांना पुन्हा चांगले दिसू लागते. मग जे रुग्णालयात आलेच नाहीत, त्यांना मोजायचे कसे?

नागपूरजवळची आठ गावे

यावर उपाय एकच, तो म्हणजे गावात जाऊन सर्वांची यादी करणे. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटने जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर २००६ नंतरच्या काही वर्षांत असे एक सर्वेक्षण केले. नागपूरपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावरची आठ गावे त्यासाठी निवडली होती. तीस वर्षे व त्यावरील वयाचे ५,८८५ जण यादीत होते. त्यांपैकी ४,७११ जणांची तपासणी झाली, म्हणजे शंभरांतील ऐंशी जणांची.

उरलेल्या १,१७४ जणांचे काय? चांगला संशोधक हा प्रश्न टाळत नाही. न आलेल्यांत अंथरुणाला खिळलेले किंवा मुळीच न दिसणारे वृद्ध अधिक असतील, तर हाती आलेला आकडा खऱ्यापेक्षा कमी भरेल.

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ साली सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशी ओलांडलेल्यांचे डोळे तपासले, कारण बहुतेक अंधत्व याच वयात आढळते. त्यांच्यात शंभरांत सुमारे दोघे अंध आढळले आणि या अंधत्वापैकी जवळजवळ दोन तृतीयांश मोतीबिंदूमुळे होते.

टाकी आणि तोट्या

सर्वेक्षणातून आजची स्थिती कळते. उद्याचा अंदाज घेण्यासाठी गणिती प्रतिमान लागते. त्यासाठी पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीतील पाणी म्हणजे शस्त्रक्रियेची गरज असलेले लोक. एका तोटीतून नवे रुग्ण आत येतात. बाहेर जाण्याचे मार्ग दोन : शस्त्रक्रिया आणि मृत्यू.

समजा, एका काल्पनिक तालुक्यात असे १,००० लोक आहेत. दरवर्षी ३०० नवे रुग्ण होतात, २५० शस्त्रक्रिया होतात आणि ५० जण शस्त्रक्रियेविना मरण पावतात. पाण्याची पातळी हलत नाही. अहवालात ‘परिस्थिती स्थिर’ असे लिहिले जाईल. पण ती स्थिर कशामुळे आहे, ते पाहा. दरवर्षी पन्नास माणसे नातवंडांचे तोंड नीट न पाहताच जातात म्हणून!

आता वृद्धांची संख्या वाढू द्या. २०११ साली भारतात साठीपुढचे लोक शंभरांत सुमारे साडेआठ होते. सरकारी अंदाजानुसार २०३६ पर्यंत ते सुमारे पंधरा होतील. म्हणून आपल्या तालुक्यात नवे रुग्ण दरवर्षी दहाने वाढतात असे धरू : ३१०, ३२०, ३३०, ३४०, ३५०. बाकी आकडे तसेच ठेवले, तर पाच वर्षांनी टाकीत १,१५० लोक असतील. डॉक्टर तेवढेच राबले, तरी रांग वाढली.

पाच वर्षांत टाकी रिकामी करायची असेल, तर? मृत्यूने ती रिकामी व्हावी असे कोणीच म्हणणार नाही. म्हणून ती तोटी बंद धरू. आधीचे १,००० आणि नवे १,६५० मिळून २,६५० होतात. म्हणजे वर्षाला ५३० शस्त्रक्रिया हव्यात, आजच्या दुपटीहून अधिक. त्यावरून किती शल्यचिकित्सक, परिचारिका, भिंगे आणि खेड्यातून रुग्णांना आणणारी किती वाहने लागतील, याचा हिशोब मांडता येतो.

प्रतिमान म्हणजे भविष्यवाणी नव्हे. त्यात घातलेली गृहीते चुकली, तर उत्तरही चुकते. शिवाय शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकाला नीट दिसतेच असे नाही. म्हणून काही वर्षांनी पुन्हा गावात जाऊन मोजावे लागते आणि प्रतिमान दुरुस्त करावे लागते.

करून पाहा

आलेखाच्या कागदावर वर्षे आडव्या अक्षावर आणि टाकीतील लोक उभ्या अक्षावर घ्या. शस्त्रक्रिया २५०, ३५० आणि ५३० धरून तीन रेषा काढा. मग आपल्या आळीत साठीपुढचे किती जण आहेत आणि त्यांतील कितींनी गेल्या वर्षभरात डोळे तपासून घेतले, हे आपुलकीने विचारा. ज्यांनी तपासले नसतील, त्यांना सोबत न्यायला एक माणूस हवा असेल. तो तुम्हीही होऊ शकता.