स्टिअरिंग डावीकडे, सवय उजवीकडे

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात तयार होणाऱ्या सर्वच मोटारींचे स्टिअरिंग उजव्या बाजूस नसते. फोक्सवॅगनचा येथील कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पुढे मेक्सिकोसारख्या देशांत पाठवण्यासाठी तेथे डाव्या स्टिअरिंगच्या मोटारीही घडू लागल्या. यंत्राची बाजू अशी कारखान्यातच बदलते. ते चालवणाऱ्या माणसाला मात्र हा बदल स्वतःच्या अंगवळणी पाडावा लागतो.

निगडी, चिंचवड, भोसरी येथील व्यापारी घराण्यांतील मुले-मुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी जर्मनीस जातात. यंत्रसामग्रीच्या प्रदर्शनासाठी वडीलधारेही हानोव्हर गाठतात. भाड्याची मोटार हाती घेताना सर्वांची धास्ती एकच असते : उजव्या बाजूने गाडी चालवणे जमेल का?

ही धास्ती वस्तुतः लवकर ओसरते. पहिल्या दिवशी गिअर टाकावयास गेलेला डावा हात दारावर आपटतो, इंडिकेटरऐवजी वायपर फिरू लागतो, गाडी नकळत उजव्या कडेला सरकते. गर्दीत फारशी चूक होत नाही, कारण पुढची गाडीच वाट दाखवते. चूक होते ती पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर किंवा पेट्रोल पंपातून बाहेर पडताना. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे ५ वाजता साऱ्या देशाची वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली. त्यानंतर काही काळ अपघात वाढण्याऐवजी घटले, कारण प्रत्येक जण जपून चालवत होता. सरावाने निर्धास्तपणा येताच ते पुन्हा पूर्वीच्या पातळीवर गेले.

खरी कठीण गोष्ट वेगळीच आहे. चाकणच्या तळेगाव चौकात ज्याने गाडीचे तोंड आधी आत घातले, तो पुढे जातो. जर्मनीत चौकात सिग्नल वा पाटी नसेल, तर उजवीकडून येणाऱ्यास प्रथम हक्क असतो, मग त्याची गल्ली कितीही लहान असो. हिऱ्यांच्या व्यापारामुळे ज्या अँटवर्पशी जैन कुटुंबांचा जुना संबंध आहे, त्या बेल्जियममध्येही उजवीकडच्या वाहनाचा हा हक्क सुपरिचित आहे. अडचण अशी की, हक्क असलेला चालक वेग कमी करीत नाही. समोरचा थांबेलच, हे त्याने गृहीत धरलेले असते. आपल्याकडे कोणीच काही गृहीत धरत नाही, म्हणून डोळे चौफेर ठेवण्याची आपली सवय तेथेही उपयोगी पडते. हॉर्नची सवय मात्र विमानतळावरच सोडून जावी. तेथे मुख्यतः धोक्याची सूचना देण्यासाठीच हॉर्न वाजवतात.

पादचारी पट्ट्यांवर पाऊल टाकू पाहणाऱ्यासाठी तेथे गाडी थांबते. ज्या समाजाचे साधु-साध्वी महामार्गाच्या कडेने पायी विहार करतात, त्यास अशा थांबण्याचे मोल सांगावयास नको. सायकलस्वारास ओलांडताना वस्तीत किमान दीड मीटर व वस्तीबाहेर २ मीटर अंतर राखावे लागते. महामार्गावर वाहतूक तुंबली, की सर्वांत डावी रांग डावीकडे व उरलेल्या रांगा उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेस मध्ये वाट देतात. तीही सायरन ऐकू येण्यापूर्वीच.

याहून मोठा घोटाळा कागदाचा आहे आणि घरच्यांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. एमएच-१४ हा क्रमांक देणाऱ्या पिंपरी-चिंचवड आरटीओकडून १,००० रुपये शुल्क भरून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मिळतो. त्याची मुदत १ वर्षाची असते. वर्षभर चिंता मिटली, अशी समजूत होते ती येथेच. जर्मनीत रहिवास सुरू झाला, की भारतीय परवाना साधारणतः ६ महिनेच मान्य असतो. एकूण मुक्काम वर्षाच्या आतला असल्याचे दाखवले, तर मुदतवाढ मागता येते. एरवी नव्याने लेखी व प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. हातातील पुस्तिकेवर ६ महिने शिल्लक दिसत असले तरी त्या मुदतीनंतर गाडी चालवणे म्हणजे विनापरवाना चालवणे, आणि तो तेथे तुरुंगवासाची तरतूद असलेला फौजदारी गुन्हा आहे. अपघात घडलाच, तर विम्याचा प्रश्न निराळा. परदेशी शिकणाऱ्या मुलाच्या निवासपत्रावर असा डाग लागणे कोणत्याही घराला परवडणारे नाही.

ब्रिटनमध्ये बाजू आपलीच, त्यामुळे निष्काळजीपणा अधिक होतो. तेथे रहिवाशास भारतीय परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते. पुढे तेथील परीक्षा अटळ. जर्मनीतील लेखी परीक्षा इंग्रजीतही देता येते. आधीच परवाना असलेल्यास ठरावीक तासांच्या शिकवणीची सक्ती नसते, परंतु प्रत्यक्ष परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच द्यावी लागते. वीस वर्षे मोटार हाकलेल्यासही काही तास शिकवणी घेणे स्वस्त पडते, कारण परीक्षक चालकाचे कौशल्य पाहतो तितकेच त्याने खांद्यावरून मागे वळून पाहिले की नाही हेही पाहतो.

उलट दिशेने येणाऱ्यांचा अनुभवही पाहण्याजोगा आहे. चाकणला नेमणुकीवर येणाऱ्या जपानी अभियंत्यास बाजूची अडचण नसते, कारण जपानही डावीकडूनच चालतो. तरीही तो आणि त्याचा जर्मन सहकारी बहुधा चालक ठेवूनच फिरतात. सुट्टीत घरी आलेल्या मुलांनाही हेच करावे लागते. आपली पाळी येईल म्हणून ती तळेगाव चौकात थांबून राहतात आणि मागच्या टेम्पोचा हॉर्न काही थांबत नाही. पहिले दोन-तीन दिवस किल्ली घरातील दुसऱ्याच्या हाती द्यावी, हे उत्तम.