शासकीय माहितीची गोपनीयता आणि मंत्र्यांचे उत्तरदायित्व

आधुनिक राज्याचा कारभार माहितीवर चालतो. जन्ममृत्यूची नोंद, शिधापत्रिका, शेतजमिनीचा उतारा, प्राप्तिकराचे विवरणपत्र, शिष्यवृत्तीचा अर्ज, रुग्णालयातील केसपेपर अशा अनेक निमित्तांनी नागरिक आपल्या जीवनाचा तपशील शासनाच्या स्वाधीन करीत असतो. एखाद्या पेढीवरचा विश्वास उडाला तर खातेदार दुसऱ्या पेढीत जाऊ शकतो. शासनाच्या बाबतीत मात्र नागरिकाला दुसरी खिडकी उपलब्ध नसते. त्यामुळे ही माहिती म्हणजे नागरिकांनी शासनाकडे विश्वासाने ठेवलेली ठेव होय आणि शासन तिचे विश्वस्त होय.

ही ठेव हरवली, फुटली किंवा भलत्याच्या हाती गेली, तर जाब कोणाला विचारावयाचा? पाकीट चुकीच्या मार्गाने पाठविणाऱ्या लिपिकाला, खात्याच्या प्रमुखाला, की त्या खात्याच्या मंत्र्याला? लोकशाहीत या प्रश्नाचे उत्तर कसे घडत गेले, हे काही प्रत्यक्ष घटनांवरून समजून घेणे उद्बोधक ठरेल.

गोपनीयतेची शपथ

भारतात केंद्रातील व राज्यातील प्रत्येक मंत्र्याला अधिकारग्रहणापूर्वी दोन शपथा घ्याव्या लागतात. पहिली पदाची व दुसरी गोपनीयतेची. संविधानाच्या अनुच्छेद ७५ व १६४ मध्ये ही तरतूद असून शपथांचे नमुने तिसऱ्या अनुसूचीत दिलेले आहेत. मंत्री या नात्याने जी बाब आपल्या विचारार्थ येईल अथवा आपणास ज्ञात होईल, ती कर्तव्यपूर्तीसाठी आवश्यक असल्याखेरीज प्रत्यक्षपणे वा अप्रत्यक्षपणे कोणालाही कळविणार नाही, असा दुसऱ्या शपथेचा आशय आहे. संसद अथवा विधिमंडळाचा सदस्य म्हणून घ्यावयाच्या शपथेत गोपनीयतेचा असा भाग नसतो. याचा अर्थ असा की, शासनाच्या गुप्त माहितीचा भार संविधानाने मंत्र्यांच्या खांद्यावर व्यक्तिशः ठेवलेला आहे.

परंतु या शपथेचा भंग झाल्यास कोणती शिक्षा व्हावी, हे संविधानात सांगितलेले नाही. ती पोकळी भरून काढण्याचे काम सभागृह, लोकमत आणि परंपरा यांच्याकडे येते.

एका वाक्याची किंमत

या परंपरेचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये १९४७ साली घडले. १२ नोव्हेंबर रोजी अर्थमंत्री ह्यू डाल्टन अर्थसंकल्प मांडण्यासाठी सभागृहाकडे निघाले असता, वाटेत भेटलेल्या ओळखीच्या एका बातमीदारास त्यांनी नव्या करांचा सारांश थोडक्या शब्दांत सांगून टाकला. भाषण चालू असतानाच ही माहिती लंडनच्या ‘स्टार’ या सायंदैनिकात छापली गेली आणि डाल्टन कराचे प्रस्ताव सभागृहाला सांगण्यापूर्वीच काही अंक रस्त्यावर विकले गेले. दुसऱ्या दिवशी सभागृहात प्रश्न उपस्थित होताच डाल्टन यांनी चूक मान्य केली, क्षमा मागितली आणि त्याच दिवशी पदाचा राजीनामा दिला.

अपराध अनवधानाचा होता. तथापि करांची आगाऊ वार्ता ज्याला कळते, तो इतरांच्या आधी बाजारात उतरू शकतो; म्हणून अर्थसंकल्पाची गुप्तता हा तेथे अर्थमंत्र्याच्या प्रामाणिकपणाचा कस मानला जात असे. भारतातही १९५० साली अर्थसंकल्पाचा काही भाग फुटल्यानंतर त्याची छपाई राष्ट्रपती भवनातून मिंटो रोडवरील शासकीय मुद्रणालयात हलविण्यात आली आणि १९८० पासून ती नॉर्थ ब्लॉकच्या तळघरात होऊ लागली.

डाल्टन यांच्या प्रकरणात दोषी कोण, हा वाद नव्हता. गुपित मंत्र्याला माहीत होते व मंत्र्याच्याच तोंडून ते बाहेर पडले. पुढे संगणकाचे युग आले आणि प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला.

दोन तबकड्यांचे प्रकरण

ब्रिटनमध्ये मुलांच्या पालनपोषणासाठी कुटुंबांना शासनाकडून बालभत्ता दिला जातो. त्याच्या नोंदी महसूल व सीमाशुल्क खात्याकडे असतात. मार्च २००७ मध्ये लेखापरीक्षण कार्यालयाने तपासणीसाठी या नोंदी मागविल्या. बँक खात्यांचा व पालकांचा वैयक्तिक तपशील गाळून द्यावा, असेही त्या कार्यालयाने सुचविले होते. परंतु गाळणीचे काम खर्चाचे होईल म्हणून संपूर्ण नोंदी देण्यात आल्या. ऑक्टोबर महिन्यात पुन्हा तसाच प्रसंग आला. या वेळी संपूर्ण नोंदी दोन तबकड्यांवर उतरवून खात्याच्या अंतर्गत टपालाने, कोणतीही नोंदणी न करता, लंडनला रवाना करण्यात आल्या. तबकड्यांना परवलीच्या शब्दाचे संरक्षण होते. मात्र माहितीचे सांकेतिक लिपीत रूपांतर केलेले नव्हते. त्या तबकड्या लेखापरीक्षकांपर्यंत पोहोचल्याच नाहीत.

त्यांवर सुमारे अडीच कोटी व्यक्तींची, म्हणजे साडेबाहत्तर लाख कुटुंबांची नावे, पत्ते, जन्मतारखा, राष्ट्रीय विमा क्रमांक आणि बँक खात्यांचा तपशील होता. देशातील बहुतेक सर्व मुलांची नावे व पत्ते दोन तबकड्यांत मावले होते, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

तत्कालीन अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांना ही गोष्ट १० नोव्हेंबर रोजी समजली व २० नोव्हेंबर रोजी त्यांनी कॉमन्स सभागृहात निवेदन करून क्षमा मागितली. त्याच दिवशी महसूल खात्याचे अध्यक्ष पॉल ग्रे यांचा राजीनामा जाहीर झाला. अर्थमंत्री पदावर कायम राहिले.

प्रारंभी साऱ्या दोषाचे खापर एका कनिष्ठ कर्मचाऱ्यावर फोडले गेले होते. जून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालांनी मात्र वेगळेच चित्र समोर ठेवले. माहितीच्या सुरक्षिततेला खात्यात अग्रक्रमच नव्हता, दोन जुनी खाती २००५ साली एकत्र करून बनविलेल्या या खात्याची व्यवस्थापन रचना गुंतागुंतीची होती, कर्मचाऱ्यांना स्पष्ट नियम व प्रशिक्षण मिळालेले नव्हते, आणि ही हानी पूर्णपणे टाळता येण्याजोगी होती, असा त्यांचा निष्कर्ष होता.

येथेच उत्तरदायित्वाचे मर्म आहे. पाकीट टपालात टाकणारा हात कनिष्ठाचा असतो. परंतु खाती एकत्र करावीत की नाहीत, सुरक्षिततेवर किती खर्च करावा, माहिती गाळून देण्याचा खर्च सोसावा की नाही, हे ज्या चौकटीत ठरते ती चौकट वरच्या पातळीवर आखली जाते. मंत्र्याने पाकिटाचा हिशोब देणे व्यवहार्य नसेल. चौकटीचा हिशोब त्यालाच दिला पाहिजे.

कळूनही न सांगणे

मंत्र्याच्या दोषाचा आणखी एक प्रकार स्वीडनमध्ये दिसून आला. तेथील परिवहन प्राधिकरणाने २०१५ साली आपल्या संगणकव्यवस्थेचे काम एका खाजगी कंपनीकडे सोपविले. ते करताना सुरक्षाविषयक कायद्यातील अटी प्राधिकरणाच्या महासंचालकांनी बाजूला ठेवल्या. परिणामी सुरक्षा तपासणी न झालेल्या परदेशी तंत्रज्ञांना संवेदनशील नोंदींपर्यंत पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. महासंचालकांना जानेवारी २०१७ मध्ये पदावरून दूर करण्यात आले व पुढे ७० हजार क्रोनर दंडही झाला.

जुलै २०१७ मध्ये हे प्रकरण उघड झाले, तेव्हा जनतेचा रोष मात्र मंत्र्यांवर होता. काही मंत्र्यांना ही बाब बऱ्याच आधी कळली असूनही पंतप्रधान स्टेफान लव्हेन यांना ती २०१७ च्या जानेवारीपर्यंत समजली नव्हती. विरोधी पक्षांनी तीन मंत्र्यांविरुद्ध अविश्वासाचा पवित्रा घेताच गृहखात्याचे व पायाभूत सुविधा खात्याचे मंत्री मंत्रिमंडळातून बाहेर पडले. मूळ चूक त्यांच्या हातून घडली नव्हती. कळल्यावर योग्य ठिकाणी न सांगणे, हाच त्यांचा दोष ठरला.

गुप्ततेची दुसरी बाजू

सभागृहाला तात्काळ सांगावे, हा नियम सर्वच वेळी सरळ नसतो. ब्रिटनच्या संरक्षण खात्यातून फेब्रुवारी २०२२ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या हातून एक संगणकीय तक्ता चुकीने बाहेर गेला. तालिबानच्या भयाने ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्या सुमारे १९ हजार अफगाण अर्जदारांचा तपशील त्यात होता. खात्याला ही गोष्ट ऑगस्ट २०२३ मध्ये उमगली. यादी तालिबानच्या हाती पडली तर माणसे जिवास मुकतील, या कारणास्तव शासनाने न्यायालयाकडे दाद मागितली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये असा मनाई हुकूम मिळाला की, तो आहे हे सांगण्यासही बंदी होती. दरम्यान सत्तांतर झाले, तरी बंदी कायम राहिली. १५ जुलै २०२५ रोजी ती उठल्यावर संरक्षणमंत्री जॉन हीली यांनी सभागृहात क्षमायाचना केली.

जीवितरक्षणाचा हेतू रास्त होता, यात शंका नाही. परंतु गुप्त बाबींवर देखरेख ठेवणाऱ्या संसदीय समितीलाही जवळजवळ दोन वर्षे अंधारात ठेवण्यात आले होते. जे उघड सभागृहात सांगता येत नाही, ते निदान अशा समितीला विश्वासात घेऊन सांगता आले असते. नागरिकांच्या रक्षणासाठी घातलेला पडदा शासनाच्या चुकीवरही पडतो. म्हणून त्या पडद्यामागे लोकप्रतिनिधींची नजर असणे आवश्यक ठरते.

भारतीय परंपरा व कायदे

खात्याच्या चुकीबद्दल मंत्र्याने उत्तर द्यावे, हे तत्त्व भारतात फेब्रुवारी १९५८ मध्ये ठामपणे मांडले गेले. आयुर्विमा महामंडळाच्या मुंदडा प्रकरणातील गुंतवणुकीची चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत उघडपणे केली. सचिवाने केलेल्या कृतीची संवैधानिक जबाबदारी मंत्र्याला टाळता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट केले आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. ते प्रकरण माहितीच्या गळतीचे नव्हते. परंतु त्यातील तत्त्व येथेही तितकेच लागू पडते.

कायद्यांचा विचार करता, १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमातील कलम ५ नुसार गुप्त दस्तऐवजांची वाजवी काळजी न घेणे हाही अपराध असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा होऊ शकते. मात्र या कायद्याचा रोख राज्याच्या गुपितांकडे आहे. नागरिकाच्या खाजगीपणाला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑगस्ट २०१७ मध्ये मूलभूत हक्काचे स्थान दिले. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक अंकीय माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला व नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित होऊन तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. माहितीचे वाजवी संरक्षण न केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आणि गळती झाल्यास संबंधित व्यक्तीला कळविण्याचे बंधन त्यात आहे. शासनाच्या विशिष्ट यंत्रणांना वगळण्याचा अधिकारही केंद्र शासनाकडे आहे.

तथापि दंडाला एक मर्यादा आहे. एखाद्या शासकीय खात्याला दंड झाला, तर ती रक्कम सार्वजनिक तिजोरीतूनच जाते आणि या कायद्यानुसार भारताच्या संचित निधीत, म्हणजे पुन्हा सार्वजनिक तिजोरीतच, जमा होते. ज्याची ठेव हरवली तो नागरिकच करदाता म्हणून दंडाचाही भार उचलतो. म्हणून दंडाची तरतूद कितीही कडक असली, तरी मंत्र्याच्या सभागृहातील उत्तरदायित्वाला ती पर्याय ठरू शकत नाही.

उत्तरदायित्वाची कसोटी

उत्तरदायित्व म्हणजे प्रत्येक वेळी राजीनामा, असे नव्हे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांनी शासकीय दस्तऐवज खाजगी ई-मेलवरून पाठविल्याबद्दल राजीनामा दिला आणि पंतप्रधान बदलताच सहा दिवसांत त्या पुन्हा त्याच पदावर आल्या. राजीनाम्याने हिशोब पुरा होतोच असे नाही, हे यावरून लक्षात येते.

मंत्र्याने स्वतः नियम मोडला असेल, तर पद सोडणे उचित होय. खात्याकडून चूक झाली असेल, तर ती वेळेवर कळविणे, बाधित नागरिकांना सावध करणे, निःपक्ष चौकशी होऊ देणे आणि सदोष व्यवस्था दुरुस्त करून तसे सभागृहाला दाखवून देणे, ही त्याची कर्तव्ये ठरतात. यांपैकी काहीही न करता कनिष्ठाकडे बोट दाखविणारा मंत्री आपल्या शपथेला जागला, असे म्हणता येणार नाही.

शासनाच्या दारी अर्ज भरून देणाऱ्या नागरिकाला या साऱ्या तरतुदी ठाऊक असतीलच असे नाही. आपले नाव, पत्ता आणि खाते क्रमांक सुरक्षित राहील, एवढाच त्याचा विश्वास असतो. तो सार्थ ठरविणे हे जसे शासकीय सेवकाचे, तसेच आणि त्याहून अधिक मंत्र्याचे कर्तव्य होय.