रेंज गेली, दंड झाला, आपल्याला काय?

परभणी जिल्ह्यातल्या राणीसावरगावसारख्या गावात लाईट बराच वेळ गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, की माणसं गच्चीवर चढतात. हात वर, डोळे रेंजच्या दांड्यांवर. बँकेचा ओटीपी येईपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. मग पारावर ठरलेली वाक्यं ऐकू येतात. त्यातली बरीचशी चुकीची असतात आणि त्यापायी माणसं हक्काची तक्रारसुद्धा करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

“कॉल तुटला की एक रुपया परत मिळतो.” मिळत नाही. दूरसंचार नियामक असलेल्या ट्रायने 2015 मध्ये तसा नियम केला होता: तुटलेल्या कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि मे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. नियमाची बातमी लोकांच्या लक्षात राहिली, निकालाची नाही.

“कंपन्यांना कुणी हात लावत नाही.” हेही खरं नाही. सेवेचा दर्जा पाळला नाही तर दंड होतो. 2024 च्या नियमांत त्याच्या पायऱ्या एक लाखापासून दहा लाखांपर्यंत आहेत. मात्र ही रक्कम ग्राहकाच्या खात्यात येत नाही.

मग दंड होऊनही गावात फरक का पडत नाही? खरी मेख मोजणीत आहे. दर्जा सर्कलनिहाय, म्हणजे कंपनीच्या परवान्याच्या विभागानुसार, मोजला जातो. महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये मुंबई नाही, पण गोवा आहे. पुणे, नाशिक आणि परभणी एकाच हिशेबात येतात. पूर्वी सगळ्यांची सरासरी काढत, त्यात वाईट टॉवर झाकले जात. म्हणून 2017 मध्ये ट्रायने पद्धत बदलली: शंभरातल्या नव्वद सेलमध्ये (टॉवरच्या कव्हरेजच्या भागांत), नव्वद टक्के दिवस, तुटणारे कॉल दोन टक्क्यांच्या आत हवेत. सुधारणा मोठी होती. तरीही आपला टॉवर उरलेल्या दहात असला, तर कंपनी पास आणि आपण गच्चीवरच.

2024 च्या नियमांनी जिल्हा हे माप आणलं, ते मला महत्त्वाचं वाटतं. जिल्ह्यातली सेवा 24 तासांहून जास्त ठप्प राहिली, तर पोस्टपेडवाल्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव मुदत द्यावी लागते. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे. एकट्या गावचा टॉवर बंद पडला, तर मात्र हा नियम कामाला येत नाही.

“ट्रायला तक्रार केली की काम होतं.” ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून तक्रार क्रमांक घ्यायचा. समाधान झालं नाही, तर तीस दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जायचं. तिथे 39 दिवसांत निर्णय व्हायला हवा. त्याला फी नाही.

“मोबाइलचं प्रकरण ग्राहक आयोगात चालत नाही,” असं काही वकीलही सांगत, कारण 2009 चा एक निकाल तसा होता. फेब्रुवारी 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालतं असं स्पष्ट केलं. परभणीच्या जिल्हा आयोगात वकिलाशिवाय उभं राहता येतं, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. तिथे पहिल्यांदा विचारतात तो तक्रार क्रमांक. फोन ठेवण्याआधी तो तारखेसह वहीत लिहून घ्या.