शिशाची गोळी

डॉक्टरच्या तोंडी ‘गोळी’ हा शब्द दिवसातून शंभरदा येतो. आमच्या निपाणीत त्याला आणखी एक अर्थ आहे. एप्रिल 1981 मध्ये तंबाखू उत्पादकांच्या आंदोलनावर झालेला गोळीबार जुन्या पिढीच्या स्मरणातून अद्याप गेलेला नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असलेली गोळी मात्र तिसरीच. ती घरी, चुलीवर तयार होत असे.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची ही हकीगत. मराठा रेजिमेंटमधून निवृत्त झालेले एक सुभेदार पोटदुखीसाठी माझ्याकडे येत. “डॉक्टर, आतडी पिळून काढल्यागत होतंय बघा,” एवढीच तक्रार. मी आम्लपित्ताची औषधे दिली, जंतांची दिली, सोनोग्राफी करविली. त्यात तीन महिने गेले. एके दिवशी घसा पाहताना हिरडीच्या कडेला निळसर काळी रेघ दिसली. तंबाखूचा डाग म्हणून मी तीही सोडून देणार होतो. पण लंडनच्या हेन्री बर्टन यांनी 1840 मध्ये वर्णन केलेली रेषा पाठ्यपुस्तकातून आठवली आणि मी विचारले, “सुभेदार, शिशाचा काही संबंध?”

ते हसले. दुसऱ्या दिवशी मला घरी नेऊन त्यांनी सारे दाखविले. आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती, उसातली रानडुकरे पिटाळण्यासाठी तिचा परवानाही होता. सोबत चिमट्यासारखा उघडणारा पितळी साचा आणि लोखंडी पळी. महामार्गावरच्या टायर दुकानांतून चाकांची जुनी वजने आणि भंगारातल्या बॅटरीच्या पट्ट्या आणून ते वितळवीत. शिसे 327 अंशांना वितळते. चुलीला ते अवघड नाही. गोळी गार झाली की तिचे शेपूट कापायचे, कानशीने घासायचे आणि पितळी कड्यातून जाते का ते पाहायचे.

त्या कड्यात सगळी विद्या होती. गोळी जाड झाली तर नळीत अडकते, बारीक झाली तर वारा बाजूने निसटून नेम चुकतो. ‘बारा बोअर’ हा शब्दही याच हिशेबातला: एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. पुढे रायफलीत आटे आले तेव्हा हे माप आणखीच नाजूक झाले. 1853 च्या एनफिल्डची गोळी ठासणे जड जाई, म्हणून तिचा व्यास .568 इंचावरून .550 वर आणावा लागला. काडतुसाच्या चरबीवरून 1857 मध्ये काय घडले हे सर्वश्रुत आहे. मापाची ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

सुभेदारांना मी दोन गोष्टी सांगितल्या. परवाना बंदुकीचा आहे, दारूगोळा करण्याचा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात त्याला वेगळी परवानगी लागते. दुसरी गोष्ट विषाची. त्यांना वाटे, धुराकडे पाठ केली की झाले. खरा मार्ग तळहातावर होता. कानशीचा कीस लागलेल्या हातानेच ते चुना-तंबाखू मळीत आणि दाढेखाली धरीत. बॅटरीच्या पट्ट्यांवरची पूड तर शिशाहूनही वाईट. रक्ताच्या चाचणीने शंका खरी ठरली. विळख्यासारखी पोटदुखी, बद्धकोष्ठ, पंडुरोग, सारे जुळले. साचा आणि बंदूक त्यांनी पोलीस ठाण्यात जमा केली. औषधाने आणि मुख्यतः काम थांबविल्याने ते सावरले.

येथे हकीगत संपली असती तर बरे झाले असते. आजोबा गोळ्या ओतीत तेव्हा पाच वर्षांची नात शेजारी बसून चमकत्या गोळ्या मोजी. तिचेही रक्त मी तपासले. प्रमाण आठ आले. तेव्हा डेसिलिटरला दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चिंता नको असे मानीत, म्हणून मी तिच्या आईला म्हणालो, “काही नाही, मुलगी ठणठणीत आहे.” अमेरिकेतील रोगनियंत्रण केंद्राने हा आकडा 2012 मध्ये पाचवर आणि 2021 मध्ये साडेतीनवर आणला. मुलांच्या मेंदूला निर्धोक असे कोणतेच प्रमाण आढळत नाही, हे आता आपण जाणतो. पुन्हा तपासणी करण्याचे मी तेव्हा सांगितलेसुद्धा नव्हते.

गेल्या वर्षी ती मुलगी गरोदरपणाच्या तपासणीस आली. हाडांत साठलेले शिसे दशकानुदशके राहते आणि गर्भारपणी, कॅल्शियमची ओढ लागली की, रक्तात उतरते. मी चाचणी लिहून दिली आणि ती का, हेही सांगितले. माझ्या त्या वाक्यासह.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, शाळेत मला गणित कधी जमलं नाही. ते यामुळं काय?”

मला उत्तर देता आले नाही. आठ दिवसांनी अहवाल आला. प्रमाण दोनच्या खाली होते. तो मी तिला स्वतः घरी नेऊन दिला.